नॅन्सी बेट आणि पकडलेल्या दोन स्कूनर

टोरांटोकडची मराठी कुटुंबे उन्हाळ्यात वसागा बीचला जातात ती तिथल्या चौदा किलोमीटर लांब वाळूसाठी. किनाऱ्याला लागूनच असलेल्या नॉटवसागा नदीतल्या नॅन्सी बेटाकडे फारच थोड्यांची पावले वळतात. मी मात्र या वेळी बेटासाठीच गेलो होतो.

‘नॅन्सी’ ही 1789 मध्ये डेट्रॉइटला बांधलेली, ब्रिटिशांच्या बाजूची दोन डोलकाठ्यांची स्कूनर, म्हणजे शिडाचे जहाज. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या 1812 च्या युद्धात, 14 ऑगस्ट 1814 रोजी अमेरिकी आरमाराच्या हल्ल्यात ती याच नदीत जळून बुडाली, तिच्याभोवती गाळ साचत गेला आणि त्या गाळाचेच बेट झाले. पुढे उकरून काढलेला तिचा सांगाडा इथल्या संग्रहालयात आहे. त्या काळवंडलेल्या ओकच्या फासळ्यांपाशी मी बराच वेळ थांबलो, पण मला खरी ओढ होती ती तिच्या पराभवानंतर घडलेल्या गोष्टीची.

ह्युरॉन सरोवरातल्या मॅकिनॅक बेटावरच्या ब्रिटिश किल्ल्याची रसद नॅन्सीवर अवलंबून होती. ती बुडाल्यावर अमेरिकनांनी ‘टायग्रेस’ आणि ‘स्कॉर्पियन’ या दोन स्कूनर ह्युरॉन सरोवरात नाकेबंदीसाठी ठेवल्या. दोन्ही 1813 च्या ईरी सरोवराच्या लढाईत लढलेल्या होत्या. नॅन्सीचा अधिकारी लेफ्टनंट मिलर वर्स्ली आपल्या खलाशांसह होड्या वल्हवत, शत्रूची नजर चुकवत मॅकिनॅकला पोहोचला आणि तिथून सैनिक घेऊन परतला. 3 सप्टेंबरच्या रात्री चार होड्या डिटूर सामुद्रधुनीजवळ नांगरलेल्या टायग्रेसला भिडल्या आणि हातघाईच्या झटापटीत ती ताब्यात आली. अमेरिकी निशाण मुद्दामच उतरवले नाही. त्यामुळे दोन दिवसांनी येऊन जवळच नांगर टाकणाऱ्या स्कॉर्पियनला कसलाही संशय आला नाही, आणि 6 तारखेच्या पहाटे टायग्रेसनेच तिला गाठून जिंकले. युद्धातल्या कपटाची एरवी मला चीड येते. पण ज्याचे स्वतःचे जहाज जळून गेले आहे, त्या माणसाने शत्रूचेच जहाज हत्यार म्हणून वापरावे, यातल्या धैर्याला दाद द्यावीशी वाटते.

टायग्रेसचे नाव ‘सरप्राइज’ झाले, स्कॉर्पियनचे ‘कॉन्फियन्स’. ज्या रसदीची वाट अडवायला त्या आल्या होत्या, तीच रसद त्या आता मॅकिनॅकला पोहोचवू लागल्या. हिवाळा त्यांनी नॉटवसागा नदीतच काढला, नॅन्सी जिथे बुडाली त्याच पाण्यात. बेटावरून नदीच्या वरच्या अंगाला पाहताना, त्यांच्यासाठी उभारलेला ‘स्कूनर टाउन’ हा तळ तिकडेच होता हे लक्षात ठेवावे.

पुढचा भाग पेनेटँग्विशीन या बंदराच्या गावी पाहायला मिळतो. मोटारीने तासाभराचीच वाट आहे. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या 1817 च्या रश-बॅगट कराराने वरच्या सरोवरांत प्रत्येक देशाला दोनच लहान सशस्त्र जहाजे ठेवता येणार होती. मग सरप्राइज आणि कॉन्फियन्स या दोघींना काम उरले नाही आणि त्या इथल्या बंदरात पडून सडल्या. तिथल्या डिस्कव्हरी हार्बर या ऐतिहासिक स्थळी त्याच काळातल्या ‘टेकमसेथ’ या ब्रिटिश स्कूनरचा 1953 मध्ये वर काढलेला सांगाडा जपून ठेवला आहे. आधी नॅन्सी आणि मग टेकमसेथ, याच क्रमाने एका दिवसात दोन्ही पाहावीत, म्हणजे पकडलेल्या त्या दोन स्कूनरची सारी कारकीर्द जागच्या जागी उलगडत जाते.