ताकद उचलली, कर्मा तिथेच राहिला

डी अँड डी, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा साहसकथांचा खेळ, चालवतो म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो. जुन्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये साधी माणसं जीव मुठीत धरून अंधारात उतरायची, आता पहिल्या लेव्हलपासूनच जो तो सुपरहिरो, कॉमिक्सचं हे वारं खेळात शिरलं कधी? परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते वारं खेळाच्या जन्माआधीपासून आहे. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक १९७१ साली आलं. टेबलावर छोटे शिपाई मांडून मध्ययुगीन लढाया खेळायचे ते नियम. त्याला जादू आणि ड्रॅगनची एक पुरवणी जोडलेली होती आणि तिच्यात दोन खास योद्धे होते. हिरो चार माणसांच्या तोडीचा, सुपरहिरो आठांच्या. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी डी अँड डी काढला, तेव्हा हिरो आणि सुपरहिरो या पदव्या झाल्या. लढवय्या चौथ्या लेव्हलला हिरो, आठव्या लेव्हलला सुपरहिरो. जुन्या खेळाचे कट्टर भक्त हे पान नेमकं विसरतात.

तिथवर पोचणं मात्र महाकठीण. १९७४ च्या मूळ नियमांत पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, ठरायचे सहा बाजूंच्या एका फाशावर, आणि त्याला बसणाऱ्या साध्या घावाचं नुकसानही तशाच एका फाशावर. गणित करून बघा : घाव बसला की १०० पैकी ५८ वेळा जादूगार खलास. शून्यावर आलात की मेलात, नवीन कॅरेक्टर, म्हणजे खेळातलं नवं पात्र, लिहायला घ्या.

म्हणून ते दिवस जास्त ‘हिरोइक’ होते, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. हिरो व्हायला ८,००० एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) लागायचे, सुपरहिरो व्हायला १,२०,०००. हे पॉइंट मुख्यतः यायचे कशातून? सोन्यातून. ढोबळमानाने एका मोहरेला एक पॉइंट. राक्षस मारून त्या मानाने कमी मिळायचे, त्यामुळे त्याला चुकवून पेटी पळवणं हाच शहाणपणा. गाव वाचवलंत? छान, पण त्याचा नियमात पॉइंट नाही. धोका खरा होता, खेळायला मजाही अफाट. पण ती टोळी होती खजिना लुटणाऱ्यांची. मला तो खेळ आवडतो, फक्त त्याला शौर्याची शाल पांघरू नका.

आता आजचं टोक. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) १६ असलेला विसाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या लेव्हलचा फायटर (लढवय्या) घ्या. सरासरी धरून त्याचे हिट पॉइंट होतात १८४. पडण्याचा नियम दर १० फुटांना सहा बाजूंचा एक फासा, जास्तीत जास्त २० फासे. म्हणजे सगळ्या फाशांवर सहा पडले तरी नुकसान १२०. कुठल्याही कड्यावरून ढकला, गडी कपडे झटकत उठतो आणि रात्रभर झोपला की सकाळी ठणठणीत. शून्यावर आला तरी लगेच मरत नाही. मरायला सहसा तीन डेथ सेव्ह, म्हणजे जीव वाचवायला टाकलेले फासे, फसावे लागतात. तेव्हा तुमची तक्रार खोटी नाही.

पण ताकद वाढली म्हणून खेळ सुपरहिरोंचा झाला, हे मला पटत नाही. तेव्हा डी अँड डी छापणाऱ्या टीएसआर कंपनीनेच १९८४ मध्ये ‘मार्व्हल सुपर हिरोज’ हा त्याच जातीचा खेळ काढला, जेफ ग्रबने रचलेला. त्यात अनुभवाच्या जागी ‘कर्मा’ नावाचे पॉइंट होते. लोकांना वाचवलं, गुन्हा रोखला की कर्मा वाढतो; अडचणीत तो खर्च करून फाशाचा आकडा वाढवता येतो. खासगी आयुष्यात दिलेला शब्द मोडला की कर्मा कमी. आणि हिरोने कुणाचा जीव घेतला तर साठवलेला सगळा कर्मा गेला, एका फटक्यात. इमारती उचलणाऱ्या माणसाला लगाम घालायची ही खरी हुशारी. डी अँड डीने कॉमिक्समधून ताकद उचलली, हा नियम तिथेच ठेवला. आपले हिरो आठ गॉब्लिन (छोटे राक्षस) भाजून काढतात आणि त्याचेच एक्सपी मोजतात!

माझ्या टेबलवर मी हिट पॉइंटना हात लावत नाही. खेळाडूंना दणकट कॅरेक्टर आवडतात, त्यांनी वेळ काढून यायचं आणि मी त्यांना सशासारखं पळवायचं, हे बरं नाही. त्याऐवजी प्रत्येकाने पहिल्या दिवशी गावातल्या एका माणसाला काहीतरी कबूल करायचं. कर्ज फेडीन, मुलाला शोधून आणीन, सणाला परत येईन, काहीही. तो शब्द पाळताना तोटा सोसला तरच इन्स्पिरेशन मिळतं, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायची सोय. शरण आलेल्याला मारलं तर अख्ख्या पार्टीचं, म्हणजे सगळ्या टोळीचं, इन्स्पिरेशन शून्य. ‘रोग’ (Rogue), म्हणजे चोर-भामट्याचं पात्र, खेळणारे यावर कुरकुरतात. मग आपसांतच वाद पेटतो, कैद्याला सोडायचं की बांधून सोबत न्यायचं, सोबत नेला तर त्याला खायला कोण घालणार, आणि कधीकधी अर्धं सेशन त्यातच जातं. मी तेवढ्यात चहा घेतो.

तुम्हाला घरी करून बघायचं असेल तर एकच सूचना : हा नियम कॅरेक्टर बनवायच्या आधी सांगा.