‘निरोध नेहमी वापरता का?’ हा प्रश्न कुचकामी का

सेक्स वर्करांमधल्या एचआयव्हीच्या धोक्याचा अभ्यास म्हटलं की प्रश्नावलीत हा प्रश्न हटकून असतो. उत्तरही ठरलेलं: ‘हो, नेहमी.’ निरोध वाटणाऱ्या संस्थेची ताई ‘नेहमी वापरा’ हेच सांगत फिरते. मग तिच्याच ओळखीनं आलेल्या माणसासमोर ‘नाही’ कोण म्हणेल? असा आकडा अहवालात शोभून दिसतो, कामाला येत नाही.

विचारायचं ते शेवटच्या वेळेबद्दल, आणि तेही माणसागणिक वेगळं. शेवटचं नवं गिऱ्हाईक, शेवटचं नेहमीचं गिऱ्हाईक आणि मालक. सांगली-मिरजेकडे ‘मालक’ म्हणजे धंद्याचा मालक नव्हे. नवऱ्याच्या नात्यानं येणारा-राहणारा माणूस. बाहेरून आलेला मुलाखतकार हा शब्द ऐकून घरवालीच्या, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईच्या, रकान्यात खूण करतो आणि सगळं कोष्टक बिघडतं. नव्या गिऱ्हाइकाला निरोधाशिवाय हात लावू न देणारी बाई मालकाबरोबर तो वापरत नाही, कारण तिथं निरोध पुढे करणं म्हणजे ‘तूही गिऱ्हाईकच’ असं सांगणं. सगळी नाती एका प्रश्नात कोंबली तर नेमकी हीच जागा झाकली जाते.

पडताळणीसाठी साधा हिशेब पुरतो. आठवड्यात किती दिवस धंदा, दिवसाला किती गिऱ्हाईकं, हातात निरोध किती आले? ५ दिवस, रोज ३ म्हणजे १५. संस्थेकडून १० मिळाले, दुकानातून एकही घेतला नाही, आधीचा साठा नाही आणि गिऱ्हाइकानंही आणला नाही, तर ‘नेहमी’ कुठून आलं? याचा अर्थ बाई खोटं बोलते असा काढू नये. पर्समध्ये निरोध सापडले की पोलीस धंद्याचा पुरावा म्हणून दाखवतील या भीतीनं रस्त्यावरची बाई एकदोनच जवळ ठेवते. तो धाक प्रश्नावलीत स्वतंत्रपणे विचारला नाही तर दोष तिच्या ‘जागरूकते’वर जातो.

आता बायका भेटणार कुठे? कोठीवर दुपारी जावं. संध्याकाळी धंद्याची वेळ, मुलाखतीला थांबायला कोणी मोकळं नसतं. रस्ता आणि स्टँड उलट, अंधार पडल्यावर. म्हणून नुसत्या जागांची यादी करून भागत नाही. जागा, वार आणि वेळ मिळून एक घटक धरायचा आणि त्यातून चिठ्ठ्या काढायच्या. बाजाराचा दिवस वगळला की आसपासच्या गावांतून येणाऱ्या बायका सुटतात. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला बऱ्याच जणी जातात; त्या दिवसांत सांगलीत मोजणी ठेवणारा तर पंचांग न बघता निघालेला. मोबाइलवर काम घेणाऱ्या बायका यातल्या कुठल्याच जागेवर उभ्या नसतात; त्यांच्यासाठी साखळीनं कूपन देण्याची पद्धत बरी: मुलाखत दिलेली बाई कूपन देऊन ओळखीच्या बायकांना पाठवते. प्रत्येकीला तीनच कूपन, त्यावर मुदत, आणि ‘तुम्ही ओळखता आणि तुम्हाला ओळखतात अशा किती जणी?’ हा प्रश्न प्रत्येकीला विचारायचाच. मोठ्या गोतावळ्यातली बाई नमुन्यात येण्याची शक्यता जास्त, म्हणून हिशेबात तिच्या उत्तराचं वजन कमी धरायचं असतं.

एकूण संख्या काढायला वस्तू वाटण्याची युक्ती आहे. समजा मुलाखतींच्या आठवडाभर आधी ४०० जणींना एकेक वेगळं दिसणारं पाकीट वाटलं. नंतर ३०० जणींना विचारलं, ६० जणी म्हणाल्या ‘मिळालं’. म्हणजे २० टक्के. ४०० भागिले ०.२, अंदाज २,०००. पण वाटपही संस्थेच्या ओळखीच्या बायकांत आणि मुलाखतीही त्यांच्यातच झाल्या, तर १२० जणी ‘हो’ म्हणतील आणि संख्या थेट १,००० वर येईल. निम्म्या बायका कागदावरून गायब! पाकीट बाजारात मिळतं तसलं असलं तरी हीच गत. चार वेगवेगळ्या पाकिटांचे फोटो ठेवून ‘यातलं कोणतं?’ विचारावं.

एचआयव्ही तपासणीसाठी घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात घोळ होतो तो घाईनं. मधल्या किंवा अनामिकेच्या टोकाला, जरा कडेला टोचायचं, पहिला थेंब पुसायचा, पुढचे थेंब गाळणकागदाच्या वर्तुळांत. एका वर्तुळात एकच मोठा थेंब. अपुरा पडला म्हणून वर दुसरा टाकला की थर साचतो आणि तो डाग बाद. बोट पिळलं की पेशींमधलं पाणी मिसळतं, रक्त पातळ होतं. कार्ड आडवं, उन्हापासून दूर, निदान चार तास वाळवायचं. कोकणात पावसाळ्यात रात्रभर. मग मधे ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद घालून झिपच्या पिशवीत, सोबत ओल शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारी पट्टी. नेहमीची निळी पट्टी गुलाबी झाली की जेल बदलायचं. अर्धवट ओलं कार्ड बंद केलं की बुरशी धरते आणि प्रयोगशाळेत तो नमुना रद्द होतो.

आपल्या भागातलं प्रमाण धरताना राष्ट्रीय सरासरीवर मात्र विसंबू नये. २०१४-१५ च्या राष्ट्रीय पाहणीत सेक्स वर्कर स्त्रियांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण देशभरात २.२ टक्के आलं, महाराष्ट्रात ७.४.

आणि नाव न जोडता केलेल्या चाचणीचा निकाल त्या बाईपर्यंत कधीच पोचत नाही, हे संमती घेतानाच स्पष्ट सांगावं लागतं. ‘रक्त दिलं, काही कळवलं नाही, म्हणजे मी ठीक’ अशी समजूत सहज होते. म्हणून बोट टोचण्याआधी तिच्या हातात आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणीच्या सरकारी केंद्राची, चिठ्ठी द्यायची: पत्ता, वेळ, आणि तिथली तपासणी मोफत असून निकाल तिलाच मिळेल ही ओळ मोठ्या अक्षरात. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायची.