पुणे–आंबोली–गोवा–हातखंबा–पुणे : मऊ सीटच्या नादी लागू नका

निकाल आधीच सांगतो. दुकानात टेकल्या टेकल्या जी सीट "वा!" म्हणायला लावते, ती लांबच्या प्रवासाला घेऊ नका. या खेपेला ३५० सीसीच्या दोन गाड्या होत्या, दोन्हींवर डबल सीट. एकीला 'मेमरी फोम' सांगून ३,८०० रुपयांना करून दिलेली सीट आणि त्याच दुकानातली बॅकरेस्ट. दुसरीला कंपनीचीच सीट, फक्त उतार बदललेला. निपाणी येईपर्यंत पहिली गाडी चारदा थांबली, दुसरी एकदाच, तीही चहासाठी.

जातानाचा रस्ता सातारा, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी. छान आहे, त्यात शिकण्यासारखं काही नाही. एवढंच की घाट उतरताना गुळगुळीत रेक्झिनवर दर ब्रेकला मागचा पुढच्यावर सरकतो आणि पुढचा टाकीवर. रेक्झिन दाणेदारच घ्या, चकचकीत नको.

पणजीत पहिल्या गाडीची सीट काढून मागच्या आठ-दहा पिना उपटल्या, रेक्झिन वर केलं, तर वरून कीर्तन आतून तमाशा. कंपनीचा फोम मधोमध खरवडलेला आणि त्यावर २५ मिलिमीटरचा साधा पांढरा स्पंज. मेमरी फोमचा पत्ता नाही. असा स्पंज बसण्याच्या दोन हाडांखाली पूर्ण दबतो, मग वजन खालच्या पातळ झालेल्या थरावर आणि तिथून थेट सीटच्या कडक तळावर येतं. पाच मिनिटांत हे कळत नाही, दीड तासाने बूड बधिर झालं की कळतं.

फोम तपासायचा उपाय सोपा आहे. सीटवाल्याकडून त्याच फोमचा १० × १० सेंटिमीटरचा, अडीच सेंटिमीटर जाडीचा तुकडा मागा आणि सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. ४० डेन्सिटीचा (म्हणजे घनमीटरला ४० किलो) असेल तर १० ग्रॅम भरेल, ६० चा असेल तर १५. सहा-सात ग्रॅम भरला तर पिशवी उचला आणि निघा. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, पण हलका फोम लवकर बसतो हे नक्की. आमची शिफारस अशी: तळाला २० मिलिमीटर रिबॉन्डेड (चुरा दाबून केलेला, रंगीबेरंगी ठिपक्यांचा), त्यावर ३० मिलिमीटर ४० डेन्सिटीचा एचआर (हाय रेझिलियन्स, दाबला की लगेच उसळून येणारा) फोम, वर फार तर १० मिलिमीटर मऊ. खरा मेमरी फोमसुद्धा थंडीत कडक आणि उन्हात ढिला पडतो, त्यामुळे त्याचा जाड थर नकोच. जेल पॅड उन्हात उभ्या गाडीवर तव्यासारखा तापतो. घेतलाच तर फोमच्या वरच्या थराखाली टाका.

रुंदी अंदाजाने ठरवू नका. पाटावर जाड खोक्याचा पुठ्ठा ठेवा, त्यावर पाय थोडे वर घेऊन दोन मिनिटं बसा. दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्यात निदान ४ सेंटिमीटर मिळवा. बसायच्या जागी सीटचा सपाट भाग तेवढा हवाच. पुढे मात्र मांड्यांपाशी ती निमुळती हवी, नाहीतर सिग्नलला पाय टेकत नाहीत.

उतार हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. सीट टाकीकडे उतरती असेल तर कितीही भारी फोम घाला, तुम्ही घसरत राहणार आणि हात-मनगटांनी स्वतःला मागे ढकलत राहणार. मोबाइलमधलं लेव्हल अ‍ॅप सीटवर ठेवून पाहा, गाडीवर माणूस बसलेला असताना. बसायची जागा सपाट किंवा पुढून दोन-तीन अंश वर हवी. दुसऱ्या गाडीवर एवढंच काम केलं होतं.

आणि पिना. प्लास्टिकच्या तळाला ६ मिलिमीटरच्या स्टीलच्या पिना पुरतात. घाईत १० च्या मारल्या की टोकं खाली निघतात आणि वायरिंगवर घासतात. शिवण बसायच्या जागेवर येऊ देऊ नका, सुईच्या भोकांतून पाणी शिरतं. रेक्झिनखाली पातळ प्लास्टिक घालायला सांगा.

आता परतीचा रस्ता. मुंबई–गोवा महामार्गावर हातखंबा ते संगमेश्वर, चाळीस किलोमीटरच्या आतच, पण सगळी सहल इथेच निकालात निघाली. वळवलेला रस्ता, खडी, अर्धवट काँक्रीटच्या कडा, परत खडी. बॅकरेस्टचा एक बोल्ट निवळीच्या आसपास कुठेतरी पडला, दुसरा बोटांनी फिरत होता. कारण बोल्ट हलका हे नव्हे. वॉशरखाली पावडर कोटिंगचा (भाजून बसवलेल्या रंगाचा) जाड थर होता. हादऱ्यांनी तो चेपला, झिजला आणि पकड गेली. बॅकरेस्ट बसवताना वॉशरपुरतं कोटिंग खरवडा, एम८ (८ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यांनी सहज न सुटणारा) लावा आणि नटापासून पट्टीपर्यंत नेलपॉलिशची रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की पाना काढायचा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर बघाच.

बॅकरेस्ट कॅरिअरच्या पातळ पट्टीवर बसवू नका, फ्रेमच्या मूळ भोकांवर बसवा. मागच्याची पाठ दर खड्ड्याला तिला तरफेसारखी ओढते, वेल्डिंग तिथेच तडकतं. तिच्यावर सॅक अडकवणं तर बंदच. उशीचा मध्य कमरेच्या पट्ट्याच्या जरा वर यावा. खांद्याच्या पाळीला लागणारी उंच बॅकरेस्ट दिसते राजेशाही, पण खड्ड्यात मानेला झटका देते. काही दुकानदार मागची मुठीची दांडी काढून तिथे बॅकरेस्ट ठोकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्की मूठ लागते, ती काढू देऊ नका.

चालवणाऱ्याची बॅकरेस्ट? साताऱ्याच्या सरळ रस्त्यावर बरी, घाटात आणि खडीवर अडचण. पाय टाकून चढता-उतरताना तर शिव्याच येतात. आमच्या मते पैसे वाया.

संगमेश्वरच्या पुढे निघण्याआधी मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) दोन खाच वर केला, तेव्हा पहिली गाडी निम्म्याने सुधारली. डबल सीट आणि सामान असताना तो कमीवर ठेवून सीटला दोष देणारे पुष्कळ आहेत. पाना टूलकिटमध्ये असतो, निघायच्या आदल्या दिवशी वापरा. जीन्सची जाड शिवण टाळा. दर चाळीस मिनिटांनी दोन मिनिटं फूटरेस्टवर उभे राहून चालवा.

सीटचं काम करायला टाकाल तर खरवडलेला मूळ फोम परत मागून घ्या. "फेकला" असं ऐकलं तर समजा की तो दुसऱ्या कुणाच्या सीटमध्ये बसलाय.