नदीचा उतार आणि रात्रीची फेरी : वेसनॉथच्या तिसऱ्या प्रसंगाचे टिपण

‘बॅटल फॉर वेसनॉथ’ या संगणकावरच्या डावपेचांच्या खेळासाठी मी रचत असलेल्या छोट्या मोहिमेचा तिसरा प्रसंग आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येतो. पहिल्या दोन प्रसंगांना मिळून जेवढा वेळ लागला, त्याहून अधिक वेळ या एका प्रसंगाने घेतला, आणि त्यातला बराचसा वेळ मी चुकीच्या आकड्यांशी खेळण्यात घालवला. पुढे कोणी नदीवरचा बचावाचा प्रसंग रचणार असेल तर त्याचे काही दिवस वाचावेत, म्हणून हे टिपण जरा सविस्तर लिहितो.

ज्यांचा हात एक्सकॉमसारख्या पाळीपाळीने खेळायच्या दुसऱ्या लढाईच्या खेळांवर बसला आहे, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा डेव्हिड व्हाइट यांनी 2003 मध्ये सुरू केलेला मुक्त स्रोताचा खेळ असून त्याचा पट षटकोनी घरांचा, म्हणजे हेक्सचा आहे. वार लागेल की नाही हे मारणाऱ्याच्या कौशल्यापेक्षा मार खाणारा कोणत्या जमिनीवर उभा आहे यावर ठरते, आणि वाराचे बळ दिवसाच्या प्रहरानुसार बदलते. पहाट, सकाळ, दुपार, तिन्हीसांज आणि रात्रीचे दोन प्रहर असे सहा फेऱ्यांचे चक्र असते. ‘लॉफुल’ शिपायांचे बळ दिवसा 25 टक्क्यांनी वाढते व रात्री तेवढेच घटते, आणि ‘केऑटिक’ शिपायांचे याच्या उलट होते. मोडरच्या, म्हणजे खेळात स्वतःची भर घालणाऱ्याच्या, दृष्टीने मोठी सोय अशी की प्रसंग, शिपाई, संवाद हे सगळे डब्ल्यूएमएल या साध्या मजकुराच्या भाषेत लिहिलेले असल्यामुळे नोटपॅड आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर काम सुरू करता येते.

प्रसंग असा आहे. नदीच्या पलीकडच्या गावांतले आठ शेतकरी ऑर्कांच्या, म्हणजे खेळातल्या राक्षसी टोळ्यांच्या, पुढे पळत येत आहेत. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या फेरीला ते दोन-दोन करून नकाशाच्या कडेला उगवतात. खेळाडूकडे एक लेफ्टनंट आणि मूठभर भालाईत असून, बारा फेऱ्यांच्या आत किमान सहा शेतकरी अलीकडे आणायचे आणि लेफ्टनंट जिवंत ठेवायचा, एवढेच त्याचे काम आहे.

पहिल्या चाचण्यांत हा प्रसंग हास्यास्पद सोपा निघाला. सलग पाच डाव मी एकही भालाईत न गमावता जिंकलो. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांना पहिल्यांदा सुचते तेच मी केले, म्हणजे शत्रूचे सोने, ज्यातून तो शिपाई भरती करतो, ते वाढवले. 150 चे 200 केले, काही फरक पडला नाही. 260 केले आणि सहाव्या फेरीला माझी सगळी फळी कापली गेली. मधले 230 ठेवून पाहिले, तर एक डाव सोपा आणि दुसरा अशक्य, असा लंबक सुरू झाला. सोन्याचा आकडा पुढे-मागे सरकवण्यात दोन आठवडे गेल्यावर एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि शत्रू नदीवर नेमका कोणत्या प्रहराला पोहोचतो, हे मोजले.

प्रसंग पहाटे सुरू होतो. शत्रूचा ग्रंट, म्हणजे ऑर्कांचा साधा ‘केऑटिक’ शिपाई, पहिल्या फेरीत भरती होतो आणि दुसरीपासून सपाट जमिनीवर पाच हेक्स चालतो. त्याचा तळ माझ्या फळीपासून अकरा हेक्सांवर होता, म्हणजे तो तिसऱ्या फेरीला, भर दुपारी, माझ्या ‘लॉफुल’ भालाइतांना भिडत होता. ग्रंटची तलवार नऊ बळाचे दोन वार करते आणि भालाइताचा भाला सात बळाचे तीन. सपाट जमिनीवर दोघांचाही बचाव 40 टक्के, म्हणजे प्रत्येक वार लागण्याची शक्यता 60 टक्के. दिवसा ग्रंटचे नऊ सातावर उतरतात आणि भालाइताचे सात नवावर चढतात. एका झटापटीत ग्रंट सरासरी 8.4 गुणांची इजा करतो आणि बदल्यात 16.2 गुणांची इजा खातो. रात्री हेच चित्र उलटते: ग्रंटचा वार अकराचा, भालाइताचा पाचाचा, सरासरी 13.2 विरुद्ध 9. तेच दोन शिपाई आणि तीच जमीन असताना केवळ प्रहर बदलल्याने दुप्पट फायद्याचे रूपांतर तोट्यात होते. मी सोने वाढवून फक्त दुपारी मरायला येणाऱ्यांची रांग लांबवत होतो, आणि ती रांग रात्रीपर्यंत पुरेल इतकी लांब झाली की फळी एकदम कोसळत होती.

तेव्हा सोने पुन्हा 150 वर आणले आणि शत्रूचा तळ सात हेक्स मागे सरकवला. आता त्याची पहिली लाट पाचव्या फेरीला, म्हणजे रात्रीच्या पहिल्या प्रहरी, येऊन धडकते, आणि तोवर पहिले दोन शेतकरी नदीपाशी पोहोचलेले असतात. एवढ्या एका बदलाने प्रसंगाला कणा मिळाला. लेफ्टनंटला काम मिळाले ते निराळेच: त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पहिल्या पातळीच्या शिपायाचे बळ 25 टक्क्यांनी वाढते, आणि ही वाढ रात्रीच्या घटीत थेट मिळवली जात असल्यामुळे दोन्ही एकमेकांना खोडतात. त्याच्या शेजारचा भालाईत रात्रीही पूर्ण सात बळाचे तीन वार करतो. लेफ्टनंटला कोणाच्या शेजारी उभे करायचे हा प्रश्न त्यामुळे दर फेरीला नव्याने पडू लागला. आधी तो मागे तळावर बसून राहत होता.

आता नदीकडे वळतो, कारण खरी फजिती तिथे झाली. नकाशा काढताना मी सगळे पात्र ‘फोर्ड’ या भूभागाने रंगवले होते, म्हणजे आपण ज्याला नदीचा उतार म्हणतो तो. माझा समज असा की पाणी ते पाणी; ऑर्क त्यात उतरले की त्यांचा बचाव 20 टक्क्यांवर येईल आणि माझे भालाईत काठावरून त्यांना टिपतील. प्रत्यक्षात ऑर्क उतारात असे निवांत उभे राहत, जणू अंगणात उभे आहेत. माउस त्या हेक्सवर नेऊन पाहिला तर बचाव 40 टक्के. खेळाच्या मदतीत हे स्वच्छ लिहिलेले आहे, पण मी ते वाचले नव्हते: फोर्ड म्हणजे गवताळ जमीन आणि उथळ पाणी यांपैकी त्या शिपायाला जे सोयीचे असेल ते. माणसाला आणि ऑर्काला तो जमीन म्हणून मिळतो आणि मत्स्यमानवाला पाणी म्हणून. शत्रूची अडचण करायला मी जी नदी काढली होती, ती कोणाचीच अडचण करत नव्हती.

रागाच्या भरात सगळे पात्र उथळ पाण्याचे करून टाकले, आणि माझेच शेतकरी बुडाले. उथळ पाण्याच्या एका हेक्सला माणसाच्या चालीचे तीन गुण खर्च होतात. शेतकऱ्याची चाल पाचाची, म्हणजे एका फेरीला पाण्यातला एकच हेक्स. पात्र तीन हेक्स रुंद असल्यामुळे आठव्या फेरीला उगवलेले शेतकरी, वाटेत कोणी आडवे आले नाही तरी, जेमतेम बाराव्या फेरीत कोरड्या जमिनीला लागत. वाटेत कोणी आडवे येत नाही असे या प्रसंगात कधीच घडत नाही.

उपाय शेवटी दोन्हींच्या मधला निघाला. पात्र उथळ पाण्याचेच ठेवले, पण त्यातून एका हेक्साच्या रुंदीची उताराची वाट काढली, आणि अलीकडच्या काठावर, त्या वाटेच्या तोंडाशी, पडक्या गढीचे तीन हेक्स ठेवले. गढीत भालाइताचा बचाव 60 टक्के होतो. आता रात्रीचा हिशेब पाहा: गढीतल्या भालाइतावर ग्रंट सरासरी 8.8 गुणांची इजा करतो. तो उतारावरून चढला असेल तर 9 खातो आणि बाजूच्या पाण्यातून चढला असेल तर 12. म्हणजे उताराच्या वाटेवर सामना बरोबरीचा आणि पाण्यात तोट्याचा, त्यामुळे सगळी झुंज त्या एका वाटेसाठी होते. शेतकऱ्यांनाही वेळेत पार व्हायला तीच वाट लागते. फळी पलीकडच्या काठावर किती वेळ धरायची, आणि मागे सरताना वाटेच्या तोंडाशी शेवटचा कोण उभा राहणार, हा निर्णय आता खेळाडूच्या गळ्यात पडतो. प्रसंगाचा जीव त्या निर्णयात आहे असे मला वाटते, आणि गंमत म्हणजे तो मी योजलेला नव्हता.

घटनांच्या कोडमधल्या चुका नेहमीच्याच आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. शेतकरी काठाला लागला की मोजणी एकने वाढवणारी घटना लिहिली, पण वेसनॉथमध्ये घटना मुळात एकदाच घडते. ‘फर्स्ट_टाइम_ओन्ली’ला स्पष्ट ‘नो’ सांगितल्याशिवाय ती पुन्हा घडत नाही. माझी मोजणी एकावर येऊन थांबली आणि मी अर्धी संध्याकाळ चलाच्या नावातली चूक शोधत बसलो. त्यानंतर सात शेतकरी सुखरूप आणूनही बारावी फेरी संपताच पराभवाचा पडदा आला, कारण फेऱ्या संपणे म्हणजे हार, हाच खेळाचा मूळ नियम आहे. वेळ संपल्याची ‘टाइम ओव्हर’ घटना पकडून तिथे मोजणी तपासावी लागते. दोन्ही वेळा डिबग (चुका शोधण्याच्या) अवस्थेत ‘इन्स्पेक्ट’ उघडून चलांच्या किमती पाहिल्या असत्या तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

संगणकाच्या खेळाडूवर मात्र अजून समाधान नाही. त्याने दिवसा सबुरीने आणि रात्री त्वेषाने खेळावे म्हणून त्याची आक्रमकता, जी मुळात 0.4 असते, प्रहरानुसार वेगळी केली: दिवसा 0.1 आणि रात्री 0.8. रात्रीचा भाग उत्तम जमला. दिवसा मात्र भलतेच दृश्य दिसले. आठव्या फेरीच्या सकाळी चार ग्रंट आणि एक ट्रोलचे पोर पलीकडच्या काठावर ओळीने येऊन उभे राहिले, हल्ला करीनात आणि मागेही जाईनात. माझे भालाईत गढीतून बाहेर पडून एकेकाला टिपून परत येत राहिले. आक्रमकतेचा आकडा फक्त हल्ला करावा की नाही हे तोलताना वापरला जातो, आणि लक्ष्याच्या दिशेने चालत जाणे ही संगणकाच्या लेखी स्वतंत्र कृती आहे, हे त्यावरून कळले. सध्या दिवसाच्या प्रहरांत नदी आणि तिचा काठ ‘अव्हॉइड’मध्ये, म्हणजे संगणकाने टाळायच्या जागांत, घालून ठेवला आहे. त्यामुळे ते टेकडीच्या आडोशाला थांबतात खरे, पण तिन्हीसांजेला सगळे एकदम उठतात, आणि ते जरा कवायतीसारखे दिसते. अनुभवी मंडळींपैकी कोणी हे ल्युआ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून अधिक सफाईने केले असेल तर मला त्यात रस आहे.

संवादांबद्दल एक निरीक्षण. मूळ मजकूर इंग्रजीत ठेवून मराठी वेगळ्या पीओ (भाषांतराच्या) फाइलमध्ये द्यायचा, ही रूढ पद्धत मीही पाळली. पण या वेळी संवाद आधी मराठीत लिहिले. मागच्या प्रसंगात इंग्रजीतून मराठीत आणताना लेफ्टनंट एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला ‘तू’ म्हणून मोकळा झाला होता, आणि ते वाचताना मलाच शरमल्यासारखे झाले. आता तो म्हणतो, “आजोबा, गुरं राहू द्या, तुम्ही आधी उतरा.” ऑर्कांचा नायक आपल्या शिपायांना अरे-तुरे करतो, ते त्याला शोभते. दुसरी अडचण क्रियापदांची होती. मागे थांबणारा जादूगार भरतीच्या वेळी पुरुष निघेल की स्त्री, हे आधी ठाऊक नसते, आणि मराठीत ‘थांबतो’ आणि ‘थांबते’ यांतून एक निवडावेच लागते. त्यासाठी संदेशाच्या टॅगमध्ये ‘फीमेल_मेसेज’ अशी स्वतंत्र जागा आहे. इंग्रजीत लिहिताना तिची आठवणही होत नाही. मराठीत तिच्याशिवाय पान हलत नाही.

यापुढे कठीण पातळीसाठी लांडगेस्वार आणायचे आहेत. त्यांची चाल आठ हेक्सांची असल्यामुळे फळीतली फट त्यांना लगेच सापडते, आणि फट शेतकऱ्यांनी बुजवावी म्हटले तर शून्य पातळीचा शिपाई शेजारच्या हेक्सांवर शत्रूची चाल अडवत नाही. स्वार दोन शेतकऱ्यांच्या मधून खुशाल निघून जातो. त्यासाठी पलीकडच्या काठावर थोडे जंगल लावून पाहणार आहे. कालच्या डावात पाच शेतकरी पार झाले होते, आणि सहावा उताराच्या मधल्या हेक्सवर असतानाच बारावी फेरी संपली. त्याला वाचला म्हणायचे की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही. तूर्त कोड त्याला मोजत नाही.