दुसऱ्या फॉक्सवर कस्टम फर्मवेअर बसलं, पण वेबइफ डिस्कवर अडलं

बसलं! शुक्रवारी रात्री पावणेबाराला दुसऱ्या फॉक्सनं, म्हणजे ह्युमॅक्सच्या टीव्ही रेकॉर्डरनं, एकदाची ३.१३ (हौशी लोकांनी बनवलेल्या कस्टम फर्मवेअरची आवृत्ती) घेतली. पण शनिवारचा अख्खा दिवस वेबइफनं (ब्राउझरमधून बॉक्स हाताळायचं पान) खाल्ला. दोन्ही सविस्तर लिहितो. पहिल्यात माझ्या तीन संध्याकाळी गेल्या, आणि दुसऱ्यात जे हाती लागलं ते सेकंडहँड बॉक्स घेणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

माझ्या जुन्या एचडीआर-फॉक्स टी२चं एचडीएमआय (टीव्हीला चित्र देणारं सॉकेट) गेलंय. बॉक्स चालतो, नेटवर्कवर दिसतो, वेबइफ उघडतं, फक्त चित्र नाही. आणि त्याच्या डिस्कवर १४ जुलै २०१९ आहे. लॉर्ड्सची विश्वचषक फायनल चॅनल फोरवर आणि विम्बल्डनची फायनल बीबीसी वनवर, एकाच दुपारी. दोन ट्यूनर होते म्हणून दोन्ही घेता आल्या. मध्येच ब्रिटिश ग्रांप्री असल्यामुळे क्रिकेट मोअर फोरवर गेलं आणि नंतर परत आलं, त्यामुळे सामन्याचे तीन तुकडे आहेत आणि मधला एसडी (कमी स्पष्ट) आहे. बाबा तेव्हा सांगलीहून आमच्याकडे रेडिंगला आले होते. सुपर ओव्हर सुरू झाल्यावर ते सोफ्यावरून उठले आणि टीव्हीशेजारी भिंतीला हात टेकून शेवटच्या चेंडूपर्यंत उभेच राहिले. मे महिन्यात ते परत येतायत. परवा फोनवर तब्येत-पाणी व्हायच्या आधी विचारलं, “तो सामना ठेवलायस ना रे?”

डिस्क उचलून नव्या बॉक्समध्ये लावायचा बेत मी मागच्या वेळी सांगितला होता. तो रद्द. रेकॉर्डिंग एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करायची किल्ली त्या त्या बॉक्सच्या मॅक पत्त्यातून (नेटवर्कवरच्या ओळख क्रमांकातून) आणि सीरियल नंबरातून बनते, त्यामुळे एका फॉक्सची फाइल दुसरा फॉक्स उलगडू शकत नाही. ज्यांनी वेळेवर सांगितलं त्यांचे आभार, नाहीतर मी स्क्रूड्रायव्हर काढलाच होता. म्हणजे आधी जुन्या बॉक्सवरच डिक्रिप्ट करायचं, मग नेटवर्कवरून नव्यात आणायचं, आणि त्यासाठी नव्यातही कस्टम फर्मवेअर हवं.

नवा बॉक्स म्हणजे कार बूट सेलमध्ये (जुन्या वस्तूंच्या बाजारात) १५ पौंडांत मिळालेला ५०० जीबीचा. रिमोटसकट, आणि समोरचा डिस्प्ले अजून चांगला उजळ. आधी माझ्या ६४ जीबी पेनड्राइव्हवर फाइल टाकली, मागचं बटण बंद केलं, पेनड्राइव्ह समोर लावला, बटण चालू केलं. बॉक्स नेहमीसारखा सुरू झाला, जणू काही लावलेलंच नाही. ही चूक लगेच कळली. पेनड्राइव्ह एक्सफॅट होता, फॉक्सला फॅट३२ लागतं (दोन्ही फाइल मांडायच्या पद्धती), आणि विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर तो पर्यायच येत नाही.

मग १६ जीबीचा नवाकोरा आणला, फॅट३२ केला. तरी तेच. पुन्हा फॉरमॅट केला, फाइल पुन्हा उतरवली, नाव अक्षर न् अक्षर तपासलं, एचडी-फॉक्सची (त्याच घराण्यातल्या दुसऱ्या मॉडेलची) फाइल तर घेतली नाही ना तेही पाहिलं. बुधवार आणि गुरुवार यातच गेले. गुरुवारी झोपायच्या आधी सहज डिस्क मॅनेजमेंट उघडलं आणि पाणी कुठे मुरतंय ते दिसलं. पेनड्राइव्हचं पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठे आहेत त्याची यादी) जीपीटी या नव्या पद्धतीचं होतं. आत फॅट३२ असून उपयोग काय, बॉक्सला बाहेरचं टेबलच वाचता येत नव्हतं. नुसतं फॉरमॅट करून टेबल बदलत नाही, हे ज्यांना लागेल त्यांनी लिहूनच ठेवा. पूर्ण पुसून जुन्या एमबीआर पद्धतीचं करावं लागतं.

मी तेही केलं नाही. सांगलीच्या स्टुडिओनं लग्नाचे फोटो दिले होते तो ४ जीबीचा पेनड्राइव्ह कपाटात होता, लाल दोरी अजून बांधलेली. फोटो लॅपटॉपवर घेतले, पेनड्राइव्ह पुसला, फाइल टाकली. बटण चालू केलं आणि दोन-तीन सेकंदांत पडद्यावर अपडेटची पट्टी सरकायला लागली. मी अक्षरशः श्वास धरून बसलो होतो. माझं मत आता पक्कं झालंय: या कामासाठी जुना, छोटा, साधा पेनड्राइव्ह जपून ठेवावा. नव्या मोठ्यांच्या नादी लागू नये.

आता शनिवार. ब्राउझरमध्ये बॉक्सचा आयपी टाकला, ओळखीचं पान आलं, पूर्ण वेबइफ उतरवायचं बटण दाबलं. अर्ध्यावर थांबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्ध्यावर. आधी नेटवर शंका घेतली. वायफाय डोंगल काढून केबल लावली (तसंही डोंगल या बॉक्ससाठी मला कधीच पटलेलं नाही). काही फरक नाही.

लॅपटॉपवरच्या पुटी प्रोग्रॅमनं टेलनेट केलं, म्हणजे नेटवर्कवरून बॉक्सच्या आत शिरलो. पिन विचारला तेव्हा पोटात गोळा आला, कारण आधीच्या मालकानं तो बदलला असता तर आणखी एक भानगड. ०००० चालला. मेन्यूतून कमांड लाइनवर गेलो, माउंटची यादी (कुठलं पार्टिशन कसं जोडलंय ते) काढली, आणि एचडी२ या डिस्कच्या पार्टिशनसमोर कंसात ‘आरडब्ल्यू’ (वाचा-लिहा) न दिसता ‘आरओ’ दिसलं. रीड-ओन्ली.

इथे सगळा उलगडा झाला. कस्टम फर्मवेअर स्वतः बॉक्सच्या फ्लॅशमध्ये बसतं, म्हणून ते ठणठणीत होतं. पण वेबइफ आणि बाकीची सगळी पॅकेजेस ‘मॉड’ फोल्डरात जातात आणि तो फोल्डर असतो डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर, रेकॉर्डिंग असतात तिथेच. डिस्कनं वाचताना चूक दिली की कर्नल (बॉक्सच्या सॉफ्टवेअरचा गाभा) ते पार्टिशन फक्त वाचनापुरतं ठेवतो. मग वेबइफ लिहायचं कुठे?

बॉक्सच्या मेन्यूतून डिस्क फॉरमॅट केली. आधीच्या मालकाचे बागकामाचे कार्यक्रम गेले, एचडी२ लिहिता येऊ लागलं, वेबइफ बसलं, पॅकेजेसची यादी दिसली. तासाभरात पुन्हा ‘आरओ’. ये रे माझ्या मागल्या! खरं तर अपेक्षित होतं. फॉरमॅटनं फाइल सिस्टिम नवी होते, खालचा खराब सेक्टर तसाच राहतो.

स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते आकडे काढले. १९७ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे पेंडिंग सेक्टरमध्ये, २४. रीअलोकेटेडमध्ये (बदलून दिलेल्या जागांत) शून्य. हे वाचून मला उलट बरं वाटलं. पेंडिंग म्हणजे डिस्कला वाचता येत नाही पण अजून निकालही लागलेला नाही. त्या जागेवर काहीतरी लिहिलं की डिस्क ठरवते, जागा ठीक आहे की राखीव साठ्यातली दुसरी द्यायची. कायम वाचनातच अडकली तर तो निकाल लागतच नाही.

मेन्यूतून मेंटेनन्स मोडमध्ये रीबूट केलं. हे टाळू नका. त्या मोडमध्ये फॉक्सचं मूळ सॉफ्टवेअर सुरूच होत नाही, त्यामुळे डिस्क कुणी वापरत नसतं. मग फिक्स-डिस्क ही डिस्क दुरुस्तीची कमांड. छोटी चाचणी लावली, ती एका एलबीएवर (सेक्टरच्या क्रमांकावर) अडली, दुरुस्त करू का विचारलं, हो म्हटलं. पुन्हा चाचणी, पुढचा एलबीए. तिसऱ्यानंतर छोटी चाचणी पार पडली म्हणून लांब चाचणी लावली आणि जेवायला गेलो. परत आलो तर लॅपटॉप झोपलेला, टेलनेट तुटलेलं, सगळं पहिल्यापासून. दुसऱ्यांदा लॅपटॉपची झोप बंद केली आणि शेजारीच बसलो. त्यानंतर फाइल सिस्टिमची तपासणी. या बॉक्सची मेमरी तुटपुंजी, त्यामुळे तिसऱ्या पार्टिशनवर स्वॅप करून (मेमरीचं काम डिस्कवर ढकलून) तो आपला हळूहळू पुढे सरकत होता.

रात्री दहाला आकडे पुन्हा काढले. पेंडिंग शून्य, रीअलोकेटेड ८. म्हणजे सोळा जागा चांगल्याच निघाल्या आणि आठच बदलाव्या लागल्या. रीबूट, माउंटची यादी, ‘आरडब्ल्यू’. मी बायकोला हाक मारून ती दोन अक्षरं दाखवली.

वेबइफ तासभरात बसलं. सगळ्यात आधी डिसेबल-ओटीए टाकलं, कारण पहाटे साडेचारला बॉक्स स्वतःहून उठून अपडेट शोधतो आणि एवढ्या कष्टानंतर मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. मग ऑटो-अनप्रोटेक्ट, एचडी रेकॉर्डिंगवरची कॉपीबंदी काढणारं. डिटेक्टअ‍ॅड्स (जाहिराती ओळखणारं) सध्या नाही. त्याचा डिस्कवर बराच ताण असतो आणि ही डिस्क अजून आजारातून उठलेली आहे.

ट्यूनिंग मी हातानंच केलं. रेडिंगला हॅनिंग्टन आणि क्रिस्टल पॅलेस या दोन्ही प्रक्षेपण मनोऱ्यांचे सिग्नल मिळतात, आणि आपोआप शोधलं की निम्मे चॅनल ८०० च्या पुढे जाऊन बसतात. माझा एरियल क्रिस्टल पॅलेसकडे आहे, म्हणून त्याचे यूएचएफ चॅनल २३, २६, मग एचडीसाठी ३० असं एकेक टाकत गेलो.

इथपर्यंत ठरवलं होतं की २ टीबीची नवी डिस्क मागवायची. मागच्या वेळी ज्या दुकानानं मला ‘तपासलेली’ म्हणून डिस्क दिली होती तिथून नाही, आणि डेस्कटॉपची तर नाहीच. चोवीस तास लिहिणाऱ्या बॉक्सला व्हिडिओसाठी बनवलेलीच हवी, ती कमी तापते आणि बैठकीच्या खोलीत आवाजही करत नाही. पण हे लिहिता लिहिता वेगळंच सुचलं. डिक्रिप्ट झालेल्या फाइलला या डिस्कची गरजच काय? माझ्याकडे एक बाहेरची यूएसबी डिस्क पडून आहे. ती ईएक्सटी३ पद्धतीनं फॉरमॅट करून मागच्या पोर्टला लावली तर १४ जुलै तिच्यावर राहील आणि आतली डिस्क उद्या गेली तरी फक्त रोजची रेकॉर्डिंग जातील. फॅट३२ ठेवून चालणार नाही, एचडी फाइल ४ जीबीच्या पलीकडे सहज जाते. नवी डिस्क मग सावकाश, दिवाळीत.

हे सुचल्यावर राहवलं नाही. जुन्या फॉक्सच्या वेबइफमध्ये गेलो, कंटेंट शेअरिंग चालू आहे याची खात्री केली (डिक्रिप्शन डीएलएनएमार्फत, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइल वाटायच्या पद्धतीनं होतं), सामन्याच्या शेवटच्या तुकड्यावर ऑप्ट प्लस (पर्यायांचं बटण), आणि डिक्रिप्ट. तो रांगेत लागलाय. मधला मोअर फोरचा आणि सकाळचा त्याच्या मागे लावलेत, विम्बल्डन सगळ्यात शेवटी.

आत्ता ४१ टक्के झालंय.