पाणिग्रहणातला हात

ठाण्यात नौपाड्याला आमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे, मजकूर टाइप करून प्रूफ व्हॉट्सअपवर पाठवायचं काम माझ्याकडे. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू, आणि मग सगळ्यात जास्त जपावं लागतं ते छोट्या शब्दांना. जोडाक्षरवाले मोठे शब्द लोक स्वतःच दोनदा तपासतात, छोट्यांकडे कोणी बघत नाही.

'पाणिग्रहण'मधला 'पाणि'च घ्या. पाणि म्हणजे हात, नवरा नवरीचा हात हातात घेतो ते पाणिग्रहण, त्यात णि पहिली. मजकूर मात्र हमखास 'पाणीग्रहण' असा येतो, म्हणजे हात गेला आणि पाणी आलं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२चे, १९७२ साली ४ वाढले आणि एकूण १८ झाले, त्यात हे सरळ सांगितलंय की संस्कृतातून आलेला शब्द एकटा असेल तर शेवटी दीर्घ पण समासात आधी आला की मूळचा ऱ्हस्वच. रवी पण रविवार, कवी पण कविसंमेलन. रविवार तर त्याच पत्रिकेत तारखेजवळ असतो आणि तो सगळे बरोबर लिहितात!

'शुभमीलन' बघितलं की मला खरंच वाईट वाटतं. मिलन म्हणजे भेट, मीलन म्हणजे डोळे मिटणं. लग्नाच्या पत्रिकेवर नको ना ते. तसंच दिन आणि दीन, १ मेच्या बॅनरवर 'महाराष्ट्र दीन' दिसतं तेव्हा आपणच आपल्या राज्याला लाचार म्हणतोय हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

माझा आवडता शब्द सूत. सूत म्हणजे धागा आणि सूत म्हणजे सारथीसुद्धा, म्हणून कर्ण सूतपुत्र, सू दुसरा. पहिला उकार दिला की सुत, म्हणजे मुलगा, पवनसुतातला, आणि मग सुतपुत्र म्हणजे चक्क नातू झाला. पण गंमत पुढे आहे, धाग्याला प्रत्यय लागला की सू पण ऱ्हस्व होतो, सुताचा, सुतावरून स्वर्ग गाठणं. फूल-फुलाला, पीक-पिकाला तसंच. संस्कृत शब्द मात्र हलत नाहीत, गीत-गीताला, दीन-दीनांना. किती बारीक काम केलंय आपल्या भाषेने!

ळ-लचं दुखणं वेगळं, ते रोमनमध्ये टाइप केल्यामुळे होतं. हॉलचा पत्ता 'तलावपाली' म्हणून येतो, आता मासुंदा तलावाच्या काठची ती पाळ, पाल भिंतीवर असते. वेळचं वेल होतं. पण हे मोठ्याने वाचलं की ठाणेकराच्या कानाला लगेच खटकतं. दिन-दीन बोलताना आपण जवळपास सारखंच बोलतो, तिथे कान उपयोगाचा नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं, आणि म्हणूनच माझा आग्रह या दोन-तीन अक्षरी शब्दांसाठी जास्त आहे, बाकी लांबलचक शब्दात एखादी वेलांटी चुकली तरी अर्थ कळतो.

आणि हो, चि.सौ.कां. मधल्या कांवर अनुस्वार हवाच, तो सौभाग्यकांक्षिणीतल्या कांक्षिणीचा आहे.

तर मजकूर पाठवताना शक्यतो देवनागरीत पाठवा. प्रूफ आलं की सगळे नातेवाइकांची नावं बघतात, ती बघाच, पण पाणिग्रहणाच्या ओळीवरही एकदा नजर टाका, छपाईची प्लेट निघाली की मग काही करता येत नाही.