तुम्ही विचारलंत म्हणून : थिल्लर कशाला म्हणायचं?

"दशावतारात संकासुर एवढा पाचकळपणा करतो. देवळासमोर हे थिल्लर वाटत नाही का?" सिंधुदुर्गात जत्रा सुरू झाल्या, देवळासमोर दशावतारी नाटकं रंगू लागली की हे कोणी ना कोणी विचारतंच.

थिल्लर म्हणजे मुळात डबकं. संतांच्या ओव्यांत थिल्लरातलं सूर्याचं प्रतिबिंब येतं, ते याच अर्थाने. शब्दात हसण्याबद्दल काही नाही. पाणी किती खोल, एवढंच आहे. उथळ हाही पाण्याचाच शब्द. वात्रट मात्र वेगळा, त्यात लाड आहे. आजी नातवाला वात्रट म्हणते, थिल्लर म्हणणार नाही. आणि चार मुली मोठ्याने हसल्या म्हणून त्यांना थिल्लर ठरवणं हा त्या शब्दावर आणि त्या मुलींवरही अन्याय आहे.

आता संकासुर. अंगात काळा पोशाख, तोंडावर काळा बुरखा, त्यातून लोंबणारी लाल जीभ. आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या पूर्वरंगात, गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन गेल्यावर हा येतो, वेद चोरलेला. सूत्रधार दरडावतो, "वेद खंय ठेवलंस?" तो म्हणतो, "येड? ता घराघरात आसा, माकाच कित्याक इचारतंस?" हशा होतो. पण वेद गेले म्हणजे काय गेलं, हे प्रेक्षकाला ठाऊक आहे म्हणूनच 'येड' लागू पडतं. विनोदाखाली पाणी आहे.

बिघडतं ते इथून पुढे. संवाद लिहिलेले नसतात, सगळा तोल नटाच्या जिभेवर. एक हशा मिळाला की दुसरा हवासा वाटतो, आणि तिसऱ्या-चौथ्या कोटीचा वेदांशी धागा तुटलेला असतो. मग समोर बसलेल्या कुणाच्या तरी व्यंगावर नजर जाते. पुढच्या रांगेतल्या मानकऱ्याला चिमटा काढलेला चालतो, तो उलट बोलू शकतो. जो बोलू शकत नाही त्याची टर उडवली की ते थिल्लर, मग प्रेक्षक कितीही हसोत.

अशा वेळी सूत्रधाराने हशा ओसरायची वाट बघू नये. हशातच आवाज चढवून पुन्हा तोच प्रश्न टाकावा, "वेद खंय?" नट जाणता असेल तर तेवढ्याने भानावर येतो. नाहीतर आख्यानाचा वेळ खाल्ला जातो, कारण पहाटे खेळ संपताना होणारा दहीकाला काही पुढे ढकलता येत नाही. हल्ली तर बऱ्याच ठिकाणी आडदशावतारच गाळतात. थिल्लरपणा टाळायचा हा मार्ग मला मुळीच पटत नाही. त्यात संकासुराबरोबर त्याला मारायला येणारा विष्णूही जातो.